खुर्च्यांना चपला

तानूबाई खुर्चीसकट मागे गेल्या तेव्हा जराही आवाज झाला नाही. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसे खुर्चीचे मागचे दोन पाय गाळात गेले, पुढचे दोन वर उचलले गेले आणि तानूबाई आभाळाकडे बघत सावकाश आडव्या झाल्या. डोक्यावरचा पदर मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"आत्या, लागलं का?" बायका धावल्या.

"लागतंय कशाचं. गादीवर पडल्यागत पडले." त्या तशाच पडून म्हणाल्या. "आता हसू नका, उचला मला. गुडघा वाकत न्हाई माझा."

वरच्या वाटेने नानासाहेब गलांडेंचा ट्रॅक्टर चालला होता. तो थांबला. नानांनी इंजिन बंद करून निवांत बघून घेतलं.

"काय काकू, सभेच्या आधीच लोळायला लागलात?"

"जागा बघतेय, नाना," तानूबाई बायकांच्या खांद्याला धरून उठत म्हणाल्या. "तुमी व्हा पुढं."

"जागा तुमची ठरलेली हाय की. खाली. तिथनं कोन पडत न्हाई." नाना हसले आणि ट्रॅक्टर निघून गेला.

टाकळवाडीत मी त्याच वर्षी जूनमध्ये बदलून आले होते. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. गाव धरणाच्या पाण्याला लागून. जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं होतं आणि लोक वर माळावर येऊन राहिले होते. पण उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की जुन्या गावातलं महादेवाचं देऊळ, त्याचा चौथरा आणि समोरची दगडी फरसबंदी उघडी पडायची. एक मेची ग्रामसभा गाव तिथेच घ्यायचं. नव्या गावात पंचायतीचं पत्र्याचं सभागृह होतं, तरी गावाचे ठराव जुन्या गावातच व्हायचे. महादेवाच्या साक्षीने, असं म्हणत.

चौथऱ्यावर टेबल आणि पंच. फरसबंदीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यात पुरुष. फरसबंदी संपते तिथून गाळ सुरू व्हायचा आणि त्या गाळावर, पुरुषांच्या पाठीमागे, बायका खाली बसायच्या. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसे, पण त्या खपलीखाली वर्षभराचं पाणी मुरलेलं असे. सरपंचही खालीच बसत. सरपंच म्हणजे नानांच्या पत्नी, मंगलवहिनी. जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणून त्या निवडून आल्या होत्या. सभा नाना चालवायचे. वहिनी गाळावर बसून पदराआडून ऐकायच्या आणि शेवटी सही करायच्या.

तानूबाईंच्या बचत गटाने पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हलक्या घडीच्या खुर्च्या घेतल्या होत्या. नळीचे बारीक पाय, बसायला कापड. एका हातात दोन उचलता येतील अशा. पाहुणे दुर्बीण लावून त्यावर बसत, बायका त्यांना चहा, पिठलं-भाकरी देत. यंदा ग्रामसभेला त्याच खुर्च्यांवर बसायचं, असं तानूबाईंनी ठरवलं होतं.

मी त्यांना विचारलं, "तुमचा गुडघा दुखतो हे खरं. मग तुमच्यापुरता एखादा पाट, स्टूल घ्या. सगळ्यांना खुर्च्या कशाला?"

"गुडघा लई दुखतोय, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

सभेत काय यायचं होतं ते मला माहीत होतं. सातवीनंतरची शाळा पाण्याच्या वळशापलीकडच्या गावात होती. मुलगे सायकलवर जात. मुलींची शाळा सातवीलाच संपे. दूध संस्थेची एक चांगली खोली गावात रिकामी पडली होती. ती गावाने ठराव करून दिली तर आठवीचा वर्ग सुरू करायला वरून तोंडी होकार मिळाला होता. तरुण मंडळाला ती व्यायामशाळेला हवी होती आणि तरुण मंडळ नानांचं होतं. गेल्या वर्षी हाच विषय हात वर होऊनही 'पुढच्या सभेला बघू' म्हणून मागे पडला होता. तानूबाईंची नात पूनम माझ्याच वर्गात, सातवीत होती. यंदा खोली मिळाली नाही तर पूनम घरी बसणार होती आणि तिच्याबरोबर वर्गातल्या बाकीच्या मुलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत मी फळ्यावर 'दाब' असा शब्द लिहिला.

"बाई, हा धडा झालाय की," हणमंत म्हणाला.

"झालाय ना? मग सांग. म्हैस एवढी जड, ती गाळात किती रुतते?"

"गुडघ्यापत्तूर."

"आणि तानूआजींची खुर्ची?"

वर्ग खदखदून हसला. पूनम हसली नाही. "बाई, खुर्ची आत जाते कारण पाय बारीक हायेत. सगळं वजन तेवढ्याशा बुडावर येतं."

"मग काय करायचं?"

"बूड मोठं करायचं," ती म्हणाली आणि वर्ग पुन्हा हसला. या वेळी तीही हसली.

मुलांना मी उत्तर सांगत नाही. तेव्हाही सांगत नव्हते. उत्तर मिळेपर्यंत हात काळे होऊ द्यावेत, म्हणजे ते विसरत नाही. शाळा सुटल्यावर एक खुर्ची घेऊन आम्ही सगळे गाळावर गेलो. ज्याला जे सुचेल ते त्याने घरून आणायचं, असं ठरलं.

विटा आल्या. त्या खुर्चीच्या आधीच गाळात गेल्या. फळ्या आल्या. त्यांवर खुर्ची छान उभी राहिली, पण बसणारं माणूस जरा वळलं की पाय घसरून फळीवरून उतरत. शिवाय सगळ्या खुर्च्यांना पुरतील एवढ्या फळ्या गावात नव्हत्या. मग डब्यांची पत्र्याची झाकणं आली. खुर्चीचे पाय तिरके, त्यामुळे झाकणाची एकच कड दाबली जाई आणि ती विळीसारखी गाळात घुसे. हणमंत बसला होता, तो झाकणासकट कलंडला.

"बाई, ह्याच्या पायातल्या स्लिपरा बघा," एक मुलगी म्हणाली. "ह्यो एवढा जाड, तरी रुतत न्हाई."

सगळ्यांनी हणमंतच्या पायांकडे बघितलं. त्याने स्वतःही बघितलं, मग मुकाट्याने स्लिपर काढून दिल्या.

खुर्चीचा पाय स्लिपरच्या पट्ट्यात बरोबर बसला. माणसाचा पाय असावा तसा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मी बसल्याबरोबर रबराचा तळ मधोमध दुमडला आणि द्रोणासारखा होऊन आत गेला.

"नुसती चप्पल मऊ पडते," पूनम पुटपुटली. ती उकिडवी बसून दुमडलेल्या चपलेकडे बघत होती. "झाकण कडक हाय, पन कापतं. चप्पल कापत न्हाई, पन दुमडते." तिने माझ्याकडे बघितलं. मग एक झाकण उचललं, ते चपलेवर ठेवलं आणि पाय त्या झाकणावर टेकवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने सगळं एकत्र करकचून बांधलं.

चारही पायांना तसं केल्यावर तानूबाईंना बोलावलं. त्या आल्या, खुर्चीच्या पायांतल्या चार वेगवेगळ्या रंगांच्या चपला बघून थांबल्या.

"पूने, माझी निळी चप्पल कुठं गेली म्हून सकाळधरनं शोधतेय मी."

"बस तर आजी."

त्या बसल्या. पुढे झुकल्या, मागे रेलल्या, मुद्दाम डावीउजवीकडे हलल्या. खुर्ची हलली नाही. तानूबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर, देवळाच्या चौथऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"इथनं टेबल दिसतंय," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस गावात जुन्या चपला गोळा करण्यात गेले. मुली घरोघर फिरत. पोरांच्या तुटक्या चपला, न्हाणीतल्या झिजक्या स्लिपर, सगळं आलं. बायका दुपारी माझ्या खोलीवर बसून बांधाबांध करत. एकदा पूनम दाराशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, ह्या मंगलकाकूंनी मागल्या दारातनं दिल्या." हातात दणकट काळ्या स्लिपरचा जोड होता, पुरुषी मापाचा.

ही गोष्ट नानांपर्यंत जाणारच होती. ते शाळेत आले. नीट इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड.

"बाई, पोरांना गाळात खेळवताय म्हणे."

"दाब शिकवतेय."

"शिकवा की. पन कुनाचा कुनावर, ते बघून शिकवा." ते खुर्ची ओढून बसले. "तुमाला म्हनून सांगतो. मास्तरांनी गावच्या भानगडीत पडू नये. बदलीचं गाव कधी कधी लई लांब असतं."

"नाना, मी इथेही लांबूनच आले आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग उठले. "सभेला या. तुमची खुर्ची वर असतीय, ग्रामसेवकांच्या शेजारी. शाळेचा मान म्हनून."

एक मेला शाळेत झेंडा झाला, निकाल वाटले आणि आम्ही सगळे जुन्या गावाकडे उतरलो. बायकांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या होत्या. चपला घातलेले पाय आभाळाकडे. खाली पोचलो आणि पुढच्या बायका थबकल्या.

फरसबंदीपलीकडची सगळी जागा ओली चिंब होती. पाण्याकडेला नानांचं इंजिन होतं आणि त्याचा पाइप अजून गाळावर लोळत होता. खपली विरघळून नुसता चिखल झाला होता.

"धूळ उडत होती," नाना चौथऱ्यावरून म्हणाले. "म्हनलं बायकांच्या लुगड्याला धूळ नको. जरा शिंपडून घेतलं."

फरसबंदीवर पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, "आता होड्याच आना काकू, खुर्च्यांचं काय काम न्हाई."

मी तानूबाईंकडे बघितलं. आम्ही खुर्च्या ओलसर गाळावर बसवून बघितल्या होत्या, अशा चिखलावर नाही. पूनमने माझा हात धरला. "बाई, टिकतील का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

तानूबाईंनी डोक्यावरची खुर्ची उतरवली, घडी उलगडली आणि चिखलावर ठेवली. चपला चपचपल्या. त्या बसल्या. खुर्ची थोडी खाली गेली, अंगठाभर, आणि तिथे थांबली. मग दुसरी खुर्ची उघडली गेली, तिसरी, मग सगळ्याच. म्हाताऱ्या बायका बसल्या, तरण्या त्यांच्या मागे अनवाणी उभ्या राहिल्या.

"उभं कशाला? खाली बसा म्हनावं सगळ्यांना," नाना म्हणाले.

"कुठं बसायचं, नाना?" तानूबाईंनी विचारलं. "चिखल केलाय तुमी."

या वेळी हसले ते मागच्या रांगेतले दोघं-तिघं पुरुष होते. नानांनी तिकडे बघितल्यावर ते थांबले.

"बाई, तुमी या वर," नाना मला म्हणाले. ग्रामसेवकांनी शेजारची खुर्ची रुमालाने पुसली.

मी चौथऱ्यावर गेले. ती प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पायऱ्या उतरले. ती काही कामाची नव्हती, तिला चपला नव्हत्या. मी ती फरसबंदीच्या अगदी कडेला, तानूबाईंच्या शेजारी, शेवटच्या दगडावर ठेवली आणि बसले. मला त्या गावात मत नव्हतं. बसता मात्र येत होतं.

मंगलवहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांची नेहमीची जागा चिखलात होती. त्या काठावर उभ्या राहिल्या. चौथऱ्यावर जावं तर तशी रीत नव्हती, खाली बसावं तर पाऊल रुतत होतं. नाना त्यांना मानेने घरची वाट दाखवत होते. तानूबाईंनी शेजारची एक मिटलेली खुर्ची उलगडली. तिच्या पुढच्या पायांत त्या काळ्या, पुरुषी मापाच्या स्लिपर होत्या.

"सरपंच, बसा," त्या म्हणाल्या.

वहिनींनी खुर्चीच्या पायांकडे बघितलं. मग पदर सावरून त्या बसल्या.

सभा सुरू झाली. नानांनी त्या दिवशी जेवढं भाषण केलं तेवढं त्यांनी निवडणुकीतही केलं नसेल. पाणी योजनेवर बोलले, गटारांवर बोलले, झाडं लावण्यावर बोलले. बोलताना त्यांचं लक्ष आमच्या खुर्च्यांच्या पायांवर होतं. हळूहळू फरसबंदीवरच्या पुरुषांनीही माना मागे वळवल्या. ऊन चढत गेलं. एका खुर्चीचा एक पाय तिरका झाला. हणमंत चिखलातून धावत गेला, बसलेल्या आजीला "जरा पुढं सरा" म्हणाला, चप्पल सरळ करून पट्टी आवळली आणि परत आला. माझी मुलं खुर्च्यांमध्ये अशी उकिडवी बसून होती, जणू प्रत्येकाने एक पाय वाटून घेतला होता.

खुर्च्या गेल्या नाहीत. शेवटी नानांच्या तांब्यातलं पाणी संपलं, मग बोलणं संपलं.

"दूध संस्थेच्या खोलीचा विषय," ते म्हणाले. "व्यायामशाळेला द्यायची का आठवीला. तसं आपलं ठरल्यासारखंच हाय. व्यायामशाळेच्या बाजूनं हात वर करा."

फरसबंदीवर हात वर झाले. सगळे नाही, पण बरेच. ग्रामसेवकांनी बोट फिरवत मोजले.

"शाळेच्या बाजूनं," नाना घाईने म्हणाले. ग्रामसेवकांनी फरसबंदीवरचे चार-दोन हात मोजले आणि टेबलाकडे वळले. "झालं. बहुमतानं—"

"भाऊसाहेब," तानूबाई ग्रामसेवकांना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "गेल्या साली आमी सगळ्यांनी हात वर केलं होतं. तुमी मोजलं न्हाईत. मी उभी राहून इचारलं तर तुमी म्हनालात, बायका खाली बसल्यात, पुरुषांच्या मागनं त्यांचे हात दिसत न्हाईत. आन् मला खाली बसा म्हनालात. मला खाली बसता येत न्हाई, म्हून मी घरी गेले." त्यांनी हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "आता दिसतोय का?"

मला तेव्हा कळलं की प्रश्न गुडघ्याचा कधीच नव्हता.

त्यांच्या मागे, त्यांच्या बाजूला हात वर होत गेले. बसलेल्यांचे, उभ्या असलेल्यांचे. तो चिखल नुसता हातांनी भरला.

ग्रामसेवकांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "बायका आपल्याच घरच्या. त्यांचं काय येगळं मोजायचं? घरटी एक हात धरला तर—"

"मोजा की."

आवाज इतका बारीक होता की कोण बोललं ते आधी कुणाला कळलं नाही. मंगलवहिनी चौथऱ्याकडे नाही, समोर कुठेतरी बघत होत्या. त्यांचा एक हात मांडीवर होता आणि दुसरा वर.

"मी सरपंच हाय," त्या म्हणाल्या. "मी सांगते, मोजा."

ग्रामसेवक घसा खाकरून म्हणाले, "इथून नीट मोजता येत नाहीत. मागचे हात एकमेकांत जातात."

"मग खाली या," तानूबाई म्हणाल्या.

ते आले. फरसबंदीच्या कडेला क्षणभर थांबले, बूट चिखलात ठेवला आणि घोट्यापर्यंत गेले. दुसरा पाय टाकला तर पहिला आणखी रुतला. पूनम उठली. तिने उरलेल्या चपलांचा एक जोड त्यांच्यासमोर ठेवला.

"भाऊसाहेब, ह्या घाला. वजन पसरतं."

ग्रामसेवकांनी बूट चिखलातच सोडले, त्या चपला घातल्या आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन, एकेका हातासमोर थांबून मोजत गेले. ते मोजत असताना फरसबंदीवरचे आणखी काही हात वर झाले. काही माणसांनी आपल्या बायकोकडे बघितलं आणि मग हात वर केला. काहींनी नानांकडे बघितलं आणि तरीही केला. नाना टेबलाजवळ उभे होते. मोजणी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच सगळ्यांना समजलं होतं.

आठवीला खोली मिळाली. आकडा ग्रामसेवकांनी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मागे ऐकू आलं नाही असं तानूबाई म्हणाल्या.

नानांनी टेबलावरचे कागद गोळा केले. "चला," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "जेवायची वेळ झाली. सभा संपली."

पुरुष उठले, खुर्च्या सरकल्या. दर सभेला अर्ध्यातच बायका उठून जात, भाकऱ्या थापायला. त्या दिवशी त्यांच्यातली एकही जागची हलली नाही. फरसबंदीवरचे लोक घुटमळले. बायकांना मागे सोडून घरी जायचं कुणालाच धाडस होईना.

"मंगल, चल," नाना म्हणाले.

मंगलवहिनींनी खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवले आणि पाठ टेकली.

"तुमी व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "भाकरी टोपल्यात हाय. वाढून घ्या."